शोभिवंत मत्स्यपालनातील अनाहूत संकर

परड्यात गोठ्याशेजारी सिमेंटच्या दोन-तीन टाक्या, त्यांवर हिरव्या जाळीची सावली आणि सोप्यात एक काचेची पेटी, एवढ्या सामग्रीवर शोभिवंत मासे वाढविण्याचा जोडधंदा सुरू करता येतो. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अशा परसातील केंद्राचा खर्च ३ लाख रुपये धरण्यात आला असून, त्यावर सर्वसाधारण लाभार्थ्यास ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांस ६० टक्के साहाय्य ठेवण्यात आले. त्यामुळे दुभत्या जनावरांबरोबर माशांचाही विचार करणाऱ्या कुटुंबांना या धंद्याची ओळख होऊ लागली आहे. टाकीचे बांधकाम, पाण्याची फेरपालट, खाद्य व रोग यांविषयी त्यांना पुष्कळ सांगितले जाते. एका अडचणीची वाच्यता मात्र क्वचितच होते. आणि ती अडचण माशांना पिले झाल्यावर, म्हणजे यश आले असे वाटत असतानाच उभी राहते.

कोल्हापूरच्या आसपासच्या एखाद्या गावातील असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. शहरातील दुकानातून घरधन्याने डझनभर रंगीत मासे आणले. दुकानदाराने ते ‘आफ्रिकन सिक्लिड’ या एकाच नावाने दिले. त्यांत पिवळे होते, नारिंगी होते, निळ्या पट्ट्यांचेही होते. सात-आठ महिन्यांनी एका पिवळ्या मादीने खाणे सोडले व तिचा गळा फुगलेला दिसू लागला. रोग झाला असे समजून घरच्या माणसांनी मिठाचे पाणी केले. तीन आठवड्यांनी तिच्या तोंडातून पंचवीस-तीस पिले बाहेर पडली, तेव्हा उलगडा झाला आणि घरात आनंदीआनंद झाला. पिले वेगळ्या टाकीत घातली गेली, त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक चारला गेला, थंडीत त्यांच्यासाठी पाणी तापविण्याची कांडी आणली गेली. चार महिन्यांनी ती विक्रीस नेली, तर दुकानदाराने पिशवी उजेडात धरून एकच प्रश्न केला : “ही पिले कशाची?” पिलांचा रंग पिवळा होता, पण स्वच्छ पिवळा नव्हता, पाठीवरच्या परावर जी ठसठशीत काळी रेघ असावयास पाहिजे, तिच्या जागी धुरकट डाग होता. आई कोण हे घरच्यांना ठाऊक होते. बाप कोण हे कोणीच पाहिले नव्हते.

म्हशीच्या बाबतीत हा प्रश्न कोल्हापूरच्या शेतकऱ्यास नवा नाही. पंढरपुरी म्हैस घेताना तिची आई किती दूध देत होती व ती कोणत्या रेड्याची, हे विचारल्याखेरीज तो इसार देत नाही. माशाच्या बाबतीत मात्र, मासा जसा दिसतो तसाच तो असतो असे तो गृहीत धरतो. सिक्लिड कुळात हे गृहीतक फसते.

या कुळाची ओळख

सिक्लिड हे नाव परके वाटले तरी हे कुळ आपणांस अगदीच अपरिचित नाही. कोकण-गोव्याच्या खाड्यांत सापडणारा कालुंदर याच कुळातील देशी मासा होय. भारतात या कुळाच्या मूळच्या जाती अवघ्या तीन. उजनीच्या जलाशयातून बाजारात ढिगांनी येणारी चिलापी, म्हणजेच तिलापिया, हीदेखील सिक्लिडच. परंतु ती आफ्रिकेतून आणलेली. काचेच्या पेटीतील एंजल, डिस्कस व ऑस्कर हे दक्षिण अमेरिकेतील सिक्लिड असून झेब्रा, पीकॉक, इलेक्ट्रिक येलो इत्यादी रंगीत मासे आफ्रिकेतील मलावी सरोवरातील आहेत.

या एकट्या मलावी सरोवरात सिक्लिडांच्या पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक जगात इतरत्र कोठेही आढळत नाहीत. जीवसृष्टीच्या कालगणनेने पाहता या जाती एकमेकींपासून अगदी अलीकडे फुटलेल्या आहेत. त्यांच्यातील भेद मुख्यतः रंगाचा, जबड्याचा, राहण्याच्या खोलीचा व विणीच्या रीतीचा आहे. रक्ताचा भेद त्या मानाने थोडा. घोडी व गाढव यांच्या संकरातून झालेले खेचर वांझ निघते, तसे येथे सहसा घडत नाही. दोन भिन्न जातींची पिले बहुधा सुदृढ निपजतात, वाढतात आणि स्वतःही पिले देतात. सरोवरात या जाती वेगळ्या राहतात, याचे कारण मादी आपल्या जातीच्या नराचा रंग व चाल ओळखून त्याचीच निवड करते. शिवाय एका जातीचे मासे आपल्या खडकाची जागा सोडून सहसा दूर जात नाहीत.

अशी ही व्यवस्था किती नाजूक आहे, याचे एक उदाहरण खुद्द मलावी सरोवरातच घडले. शोभिवंत माशांच्या निर्यातीसाठी पकडलेले काही मासे सरोवराच्या एका भागातून नेऊन थंबी वेस्ट या बेटाजवळ सोडले गेले. सरोवर तेच, पाणी तेच. केवळ खडक बदलला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, तेथे आणलेल्या जातीचा स्थानिक झेब्रा माशाशी संकर झालेला होता. विस्तीर्ण सरोवरात जे घडले, ते तीन फुटांच्या पेटीत घडल्यास नवल मानण्याचे कारण नाही.

दुसरे उदाहरण व्हिक्टोरिया सरोवराचे असून ते मत्स्यपालकास अधिक उपयोगी पडण्यासारखे आहे. त्या सरोवरात भोवतालच्या शेतजमिनीची धूप होऊन व सांडपाणी मिसळून पाणी गढूळ होत गेले. हॉलंडमधील लायडन विद्यापीठातून काम करणारे ओले झेहाउझेन व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली असे दाखवून दिले की, जेथे पाणी स्वच्छ तेथे सिक्लिडांच्या जाती अधिक व त्यांचे रंग तेजस्वी. जेथे पाणी गढूळ तेथे रंग मळकट व जाती एकमेकींत मिसळलेल्या. प्रयोगशाळेतही त्यांना हेच आढळले. पांढऱ्या प्रकाशात लाल नराच्या जातीची मादी लाल नराकडे व निळ्या नराच्या जातीची मादी निळ्या नराकडे जाई. परंतु प्रकाश नारिंगी करून दोन्ही नर सारखेच दिसतील असे केले, की ही निवड लोपे. मासे अधिक खुलून दिसावेत म्हणून पेटीवर निळा किंवा तांबडा दिवा लावण्याची प्रथा सर्वत्र आहे. विक्रीच्या पेटीवर तो खुशाल असावा. पैदाशीच्या टाकीस मात्र दिवसाचा साधा उजेड व निवळ पाणीच इष्ट होय, असे या प्रयोगावरून म्हणता येईल.

संकर कसा होतो

टाकीतील संकराचे सर्वांत मोठे कारण म्हणजे स्वजातीच्या जोडीदाराचा अभाव. हौसेने प्रत्येक रंगाचा एकेक मासा आणला जातो. विणीस आलेल्या मादीस स्वजातीचा नर टाकीत मिळाला नाही, तर ती जो नर आहे त्याचा स्वीकार करते. नर स्वजातीचा असला तरी तो दुबळा असून टाकीतील खडकावर दुसऱ्याच जातीच्या दांडग्या नराने कबजा केला असेल, तर परिणाम तोच होतो. टाकीत गर्दी जितकी अधिक, तितकी मादीला निवडीची संधी कमी.

याखेरीज माणसाच्या नजरेची चूक आहे. पीकॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशांचे नर निळे, पिवळे, तांबूस असे नाना रंगांचे असतात. पण त्यांच्या बहुतेक माद्या सारख्याच राखाडी-तपकिरी दिसतात. जाणकार माणसाचीही त्यांच्याबाबतीत फसगत होते. चार जातींच्या माद्या एकदा एका टाकीत मिसळल्या, की त्या पुन्हा निवडून वेगळ्या करणे जवळजवळ अशक्य ठरते. म्हणून पीकॉक जातीच्या मासिकांत न पाहता, माद्या ज्या दिवशी घरात येतील त्याच दिवशी त्यांची टाकी ठरली पाहिजे. निरनिराळे रंग एकत्र ठेवावयाचे असल्यास फक्त नर ठेवावेत. अशी टाकी पाहण्यास सुंदर दिसते व तिच्यातून पिलांचा प्रश्नच उद्भवत नाही.

बाजारात सर्वाधिक आढळणारा अनाहूत संकर इलेक्ट्रिक येलो व नारिंगी रंगाचा रेड झेब्रा यांच्यामधील आहे. दोन्ही मासे स्वस्त, काटक व लोकप्रिय असल्यामुळे ते हमखास एका टाकीत येतात. त्यांची पिले कधी पिवळ्या बाजूला झुकतात, कधी नारिंगी बाजूला; आणि काही तर शुद्ध जातीहून वेगळी ओळखूही येत नाहीत. खरा धोका या शेवटच्या पिलांचाच आहे. संकरित ज्वारीचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना हे सहज समजेल. १९६४ साली सी. एस. एच.-१ हे संकरित वाण आले, तेव्हा पहिल्या वर्षीचे भरघोस, एकसारखे पीक पाहून अनेकांना त्यातीलच कणसे बियाण्यासाठी ठेवण्याचा मोह होई. पण घरचे ते बी पेरले, की पुढील हंगामात कोठे उंच ताट, कोठे ठेंगू, असा विस्कळीत फड उभा राही. माशांतही पहिली पिढी पुष्कळदा एकसारखी व डौलदार निघते. ती कोणी शुद्ध म्हणून विकत घेतली आणि तिची पैदास केली, तर दुसऱ्या पिढीत आजोळ व आजा यांची सरमिसळ उघड होते. तोपर्यंत मूळ विक्रेत्याचा मासा चार घरी पोहोचलेला असतो.

येथे एका समजुतीचे निरसन करणे अवश्य आहे. मादीला एकदा परजातीचा नर लागला की ती कायमची बिघडली, अशी कल्पना जनावरे पाळणाऱ्यांतही कोठे कोठे आढळते. सिक्लिडांच्या बाबतीत तिला आधार नाही. मलावीतील या जातींत मादी अंडी घालते, ती लगेच तोंडात उचलते आणि त्याच वेळी नराचे वीर्य मिळून ती फळतात. गप्पी माशाची मादी नराचे वीर्य कित्येक महिने शरीरात साठवून ठेवते, तसा प्रकार येथे नाही. संकरित पिले झालेली मादी शुद्ध जातीची असेल, तर तिला स्वजातीच्या नरासह वेगळ्या टाकीत ठेवल्यानंतर तिची पुढील वीण शुद्धच होईल. मात्र एकाच विणीतील अंडी दोन-तीन नरांकडून फळलेली असू शकतात. एकाच मादीच्या तोंडातून निघालेली काही पिले शुद्ध व काही संकरित, असेही घडते. मिश्र टाकीतील विणीतून देखणी पिले निवडून ‘ही तेवढी शुद्ध’ म्हणून ठेवण्यात अर्थ नाही, तो यामुळेच.

एका चुकीतून निघालेला शोध

संकर ही गोष्टच वाईट, असा याचा अर्थ कोणी करू नये. चिलापीच्या इतिहासातच त्याचे उत्तर आहे. हा मासा तळ्यात सोडल्यावर दोन-तीन महिन्यांत, बोटाएवढा असतानाच विणीस येतो व पुनःपुन्हा वितो. परिणामी तळे पिलांनी भरून जाते आणि एकही मासा बाजारयोग्य वजनाचा होत नाही. मलायातील मलाक्का येथील मत्स्यसंशोधन संस्थेत सी. एफ. हिकलिंग हे या प्रश्नावर काम करीत असताना झांझिबारहून चिलापीचा एक वाण आणण्यात आला. तो नेहमीच्याच जातीचा आहे अशी समजूत होती. त्या वाणाच्या नरांचा तेथील माद्यांशी संयोग घडविला, तेव्हा झालेली पिले सर्वच्या सर्व नर निघाली. झांझिबारचा मासा निराळ्याच जातीचा होता, हे मागाहून उमगले. हिकलिंग यांनी हा वृत्तान्त १९६० साली ज्या आनुवंशिकीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला, त्याचे संपादक जे. बी. एस. हॉल्डेन हे त्या वेळी भारतातच स्थायिक झालेले होते.

सर्व पिले नर असली, की तळ्यात वीण होत नाही व मासे चांगले पोसतात. ही युक्ती पुढे अनेक देशांनी अवलंबिली. तथापि काही वर्षांत ठिकठिकाणी असा अनुभव येऊ लागला की, संकरातून पूर्वीसारखी केवळ नर पिले मिळेनात. त्यांत माद्याही निघू लागल्या. कारण शोधता असे आढळले की, संकरासाठी राखलेल्या दोन मूळ जातींच्या तळ्यांत निष्काळजीपणाने एकमेकींचे मासे शिरले होते. मूळ जातीच शुद्ध न राहिल्याने हेतुपूर्वक केलेला संकरही फसला. आपल्याकडील कार्प माशांच्या बीजोत्पादनातही हीच दक्षता लागते. १९५७ साली हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्प माशांची प्रेरित पैदास यशस्वी केल्यानंतर मत्स्यबीज केंद्रे उभी राहिली. अशा केंद्रात कटला व रोहू एकाच कुंडात एकाच वेळी विणीस सोडले, तर त्यांचे मिश्रबीज तयार होते आणि तळ्यासाठी बीज विकत घेणाऱ्या शेतकऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही.

शोभिवंत माशांत हेतुपूर्वक संकराची दोन नावे प्रसिद्ध आहेत. तैवानात १९८०च्या दशकात निर्माण झालेला ब्लड पॅरट आणि मलेशियात १९९०च्या दशकात तयार झालेला, डोक्यावर मोठे टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न. दोन्ही मासे संकरित म्हणून उघडपणे विकले जातात व घेणाऱ्यास ते काय आहेत याची कल्पना असते. ब्लड पॅरटचे नर बहुधा वांझ असतात, पण माद्या अंडी घालतात आणि दुसऱ्या सिक्लिड नराच्या संगतीत ती अंडी फळू शकतात. ही माहिती नसल्यामुळे त्यांना निर्धास्तपणे इतर माशांत ठेवणारे पुष्कळ आहेत.

पैदाशीची टाकी

संकर टाळण्यास फार खर्च येत नाही; टाक्यांची संख्या ठरवून मग जाती ठरवाव्या लागतात इतकेच. तीन टाक्या असतील तर पैदाशीच्या जाती दोन घ्याव्यात व तिसरी टाकी पिलांसाठी मोकळी ठेवावी. तोंडात अंडी उबविणाऱ्या मलावी जातींत एका नरामागे चार ते पाच माद्या असाव्यात, म्हणजे नराचा जाच एकाच मादीवर पडत नाही. जागेअभावी दोन जाती एकत्र ठेवणे भागच असेल, तर त्या दिसण्यात, आकारात व कुळात एकमेकींपासून शक्य तितक्या दूरच्या असाव्यात आणि दोन्हींचे नर व माद्या पुरेशा असाव्यात. यानेही खात्री मिळत नाही; संभव कमी होतो.

हातजाळे, नळी व बादली यांतूनही भेसळ होते. एका टाकीतील चार दिवसांचे पिलू जाळ्याच्या घडीत राहून दुसऱ्या टाकीत जाते आणि सहा महिन्यांनी तेथील नर होऊन बसते. म्हणून प्रत्येक टाकीचे जाळे वेगळे असावे. ते शक्य नसल्यास वापरानंतर ते उलटून झटकावे व उन्हात वाळवावे. टाकीवर जाळीचे झाकण हवे, कारण हे मासे उड्या मारतात.

शुद्धतेच्या हव्यासापायी एकाच जोडीची पिले पिढ्यान्‌पिढ्या आपसांत वाढविणे हीदेखील चूकच. त्यामुळे वाढ खुंटते व व्यंगे दिसू लागतात. दर दोन-तीन पिढ्यांनी त्याच जातीचे नर दुसऱ्या खात्रीच्या पालकाकडून आणावेत. गावोगाव अशा चार-पाच पालकांची परस्परांशी ओळख करून देणे, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याच्या हातून सहज होण्यासारखे काम आहे. त्याने आणखी एक गोष्ट करावी : प्रत्येक टाकीवर पत्र्याची वा प्लॅस्टिकची पाटी लावून तिच्यावर जात, मासे कोठून आणले, कोणत्या तारखेस आणले आणि विणीची तारीख ही चार कलमे लिहिण्याची सवय घरच्यांस लावावी. घरातील शाळकरी मुले हे काम वडीलधाऱ्यांपेक्षा अधिक चोख करतात, असा इतर जोडधंद्यांतही अनुभव आहे.

झालेल्या पिलांचे काय करावे

एवढे करूनही मिश्र टाकीत एखादी मादी फुगलेल्या गळ्याने दिसली, तर पहिला निर्णय तेथेच घ्यावयाचा असतो. स्वाभाविक ओढ तिला वेगळे काढण्याकडे असते. ती आवरावी. तिला त्याच टाकीत राहू द्यावे. तोंडातून बाहेर पडलेली बहुतेक पिले इतर मासे खाऊन टाकतात. निसर्गातही पिलांचा हाच भोग असतो. कॉन्व्हिक्ट किंवा टेक्सास यांसारखे मध्य अमेरिकेच्या बाजूचे सिक्लिड दगडावर अंडी घालून नर-मादी मिळून त्यांची राखण करतात. तेथे अंडी असलेला दगडच बाहेर काढून वाळवला म्हणजे काम भागते.

पिले मोठी झाली असतील तर प्रश्न अवघड होतो, कारण त्यांवर घरच्यांचा जीव जडलेला असतो व खाद्याचा खर्चही झालेला असतो. त्यांना एका वेगळ्या पेटीत आयुष्यभर पाळता येते. ती रोगट नसतात व दिसावयास बरी असतात. कोणास द्यावयाची झाल्यास ती संकरित आहेत, आई अमुक व बाप अज्ञात, असे स्पष्ट सांगून द्यावीत आणि पैदाशीसाठी देऊ नयेत. त्यांचा भाव निश्चितच कमी येईल. पण खोट्या नावाने एकदा विकलेल्या तीस पिलांपायी दुकानदार पुढील शंभर शुद्ध पिलेही परत पाठवितो आणि लहान पालकास दुसरे दुकान जवळपास नसते. ऑस्करसारखे मोठे मासे असल्यास निरोगी संकरित पिले त्यांना खाद्य म्हणून देता येतात. काहीच शक्य नसल्यास पिलांना यातना न होता मारण्याचा उपाय म्हणजे लवंगेचे तेल. लहान बाटलीत थोड्या कोमट पाण्यात ते चांगले घुसळावे व दर लिटर पाण्यास सुमारे अर्धा मिलिलिटर या प्रमाणात बादलीत मिसळून पिले तीत सोडावीत. ती प्रथम गुंगतात. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही त्यांना किमान अर्धा तास तसेच ठेवावे आणि नंतर खड्ड्यात पुरावे.

एक मार्ग मात्र सर्वथा वर्ज्य आहे. नको झालेले मासे मारवत नाहीत म्हणून ते रंकाळ्यात, कळंब्याच्या तलावात, गावच्या विहिरीत किंवा ओढ्यात नेऊन सोडणे. जीवदान दिल्याचे समाधान त्यात वाटते, पण त्याचा हिशेब पाण्यातील इतर जीवांस चुकवावा लागतो. हे मासे आपल्या रोहू-कटल्याशी संकर करणार नाहीत. त्यांची कुळे फार दूरची. ते दुसऱ्यांची अंडी व पिले खातात, विणीच्या जागा बळकावतात आणि टाकीतील रोग बाहेर नेतात. सोडलेला प्रत्येक मासा तगतोच असे नाही. मलावीचे रंगीत मासे आपल्या ओढ्यांत बहुधा टिकणार नाहीत. परंतु फ्लॉवरहॉर्न मलेशिया व सिंगापूर येथील उघड्या जलाशयांत सापडला आहे, आणि चिलापीने काय केले हे तर आपल्यासमोरच आहे. ती १९५२ साली भारतात आणली गेली. अवघ्या सात वर्षांनी, १९५९ साली, तिचा प्रसार थांबविण्याचा निर्णय मत्स्यसंशोधन समितीला घ्यावा लागला. तोवर ती पसरलेली होती. आज महाराष्ट्रातील कित्येक जलाशयांत जाळे टाकले तर प्रथम तीच हाती लागते. विचित्र गोष्ट अशी की, आफ्रिकेतील मायभूमीत हीच चिलापी धोक्यात आलेल्या जातींत गणली जाते. कारण तेथील नद्यांत मत्स्यशेतीसाठी आणलेल्या नाईल तिलापियाशी तिचा संकर होऊन तिचे शुद्ध रूप नाहीसे होत चालले आहे.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत नद्यांची उगमस्थाने आहेत व त्यांत असे मासे आहेत जे अन्यत्र मिळत नाहीत. आंबोलीजवळील हिरण्यकेशीच्या उगमात २०२० साली एका लहानशा माशाची नवी जात नोंदली गेली व तिला त्या नदीचेच नाव देण्यात आले. २०२१ साली ते स्थान जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. ती नदी तेथून पुढे आजरा व गडहिंग्लज तालुक्यांतून वाहते. तिच्या काठच्या गावांत सिक्लिडांची टाकी बांधणाऱ्यास ही गोष्ट आधी सांगितली पाहिजे.

मासे सोडण्यास माणसाचा हातच लागतो असेही नाही. २००५, २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शिरोळ, करवीर, हातकणंगले या तालुक्यांतील घराघरांत शिरले. परड्यातील टाकीवरून तीन फूट पाणी वाहिले, तर टाकीतील मासे नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत व तेथून कृष्णेत जावयास कोणाचीच आडकाठी नसते. म्हणून अशा गावांत टाक्यांची जागा २०१९च्या पूररेषेच्या वर निवडावी. जागा नसेल तर चिलापी, फ्लॉवरहॉर्न किंवा ऑस्कर यांसारख्या दांडग्या जाती घेऊच नयेत. धरणाचे दरवाजे उघडल्याची वर्दी येताच जनावरे सोडण्याच्या तयारीबरोबरच पैदाशीचे चार-सहा मासे झाकणाच्या कॅनमध्ये भरून वरच्या मजल्यावर न्यावेत आणि टाकीच्या तोंडावर बारीक जाळी दोरीने घट्ट बांधावी. कॅनवर जातीचे नाव खडूने लिहिण्यास विसरू नये. पाणी ओसरल्यावर परतलेल्या घाईत दोन कॅन एकाच टाकीत रिकामे झाले, तर वर्षभर राखलेली जात त्या एका संध्याकाळी मिसळून जाते.